कुशाबांनी बंद केलेली नळी

चिंचपोकळी स्टेशनचा पूल उतरून उजवीकडे वळलं की लहान लहान गाळ्यांची रांग लागते. कुणी लेथ चालवतो, कुणी रबराचे वॉशर कापतो, कुणी शिक्के बनवतो. रांगेतला शेवटचा गाळा रामदास तोडणकरचा, काचकामाचा. कॉलेजांच्या प्रयोगशाळांना लागणाऱ्या नळ्या, चंबू, वाकड्या मानेची भांडी तिथे जाळावर घडवली जातात. रामदासची बायको लक्ष्मी अडतीस वर्षं त्याच गाळ्यात बसून तयार माल धुते, पुसते आणि पेंढ्यात बांधते, हे सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत होतं.

माहीत नव्हतं ते एवढंच, की गेल्या आठ महिन्यांपासून माल घडवतही तीच होती.

रामदासच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. आधी तो चहाच्या कपात कळला, मग जाळावर. काच नरम झाली की तिला हाताचं सगळं कळतं. हात थरथरला की ती थरथर तिच्यात कायमची गोठते. दोन चंबू वाया गेले, तिसऱ्याची मान वाकडी झाली, तेव्हा लक्ष्मीने त्याच्या हातातली नळी काढून घेतली आणि बर्नरसमोर बसली. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. गाळा मूळचा तिच्या वडिलांचा, कुशाबांचा. ते देवगडकडून मुंबईत आले. बरोबरचे दोघे भाऊ गिरणीत लागले आणि हे काचेच्या जाळावर बसले. मूल म्हणून एकटी लक्ष्मी. पण पोरीच्या जातीने जाळापाशी बसायचं नाही, हा त्यांचा हट्ट. कसब त्यांनी जावयाला दिलं. लक्ष्मी समोर बसून पेंढा भरत नुसती बघत राहिली, आणि बघता बघता सगळं तिच्या हातात उतरलं.

आता गाळ्याच्या मागच्या भागात हिरवा पडदा टाकून ती काम करायची. पुढे खुर्चीवर रामदास बसायचा. गिऱ्हाइकं "तोडणकर, तुमच्या हाताला तोड नाही" म्हणत माल घेऊन जायची आणि रामदास मान खाली घालून कागदाचा गोळा करत बसायचा.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी ट्रेसी परेरा आली. ही गिरगावातली. माटुंग्याच्या एका कॉलेजात जीवाणूंवर संशोधन करायची, आणि तिची सगळी काचेची भांडी याच गाळ्यातून जायची. नेहमी दारातूनच हाका मारत येणारी बाई आज गप्प होती. तिने पर्समधून चष्म्याची डबी काढली, टेबलावर ठेवली आणि दोन्ही हातांनी उघडली.

"काका, एक काम आहे. नाजूक आहे. आणि चुकलं तर दुसरा चान्स नाही."

डबीत कापूस होता आणि कापसात करंगळीएवढी काचेची नळी. दोन्ही टोकं वितळवून बंद केलेली. आत तळाला चिमूटभर राखाडी वाळू आणि कागदाची बारीक पट्टी. पट्टीवर फिकट निळ्या शाईत लिहिलं होतं: शिवडी, १९७४.

"यात काय?" रामदासने विचारलं.

"वाळू. आणि वाळूत झोपलेला एक जीव. असला तर."

पडद्यामागे लक्ष्मीने बर्नरचा जाळ बारीक केला आणि कान दिला.

ट्रेसी सांगत होती. पन्नास वर्षांपूर्वी त्यांच्या डिपार्टमेंटचे एक सर शिवडीच्या खाजणात उतरले, गुडघाभर चिखलातून त्यांनी एक जीवाणू शोधून आणला. त्याला हवा चालत नाही. आपण ज्या हवेवर जगतो ती त्याला विष. चिखलाच्या पोटात, जिथे हवा पोचत नाही, तिथे तो राहतो. त्याला मक्याची पेज द्यावी किंवा साखर कारखान्याची मळी द्यावी. ती खाऊन तो अशी द्रव्यं तयार करतो, जी रंगांना, औषधांना, पुढेमागे गाड्यांच्या इंधनालाही चालतील. एके काळी असल्या जीवाणूंवर मोठमोठे कारखाने चालायचे. मग पेट्रोलपासून तीच द्रव्यं स्वस्तात मिळू लागली आणि या जीवांना कुणी विचारेनासं झालं.

"मग आता तुमच्याकडे नाही तो?"

"आहे ना. हीच गंमत आहे काका. आम्ही त्याला पन्नास वर्षं सांभाळला. या नळीतून त्या नळीत, दर महिन्याला ताजं खाणं, गरम जागा. एकदम राजेशाही. आणि तो त्याचं काम विसरला. आता नुसतं आम्ल करतो आणि स्वतःच्याच आम्लात मरून जातो. पुढची पायरी येतच नाही त्याला." ट्रेसीने नळीकडे बोट दाखवलं. "सरांनी पहिल्या वर्षीच थोडे वाळूत सुकवून बंद करून ठेवले होते. हे काहीच विसरलेले नसणार. जुनं कपाट हलवताना पेटी सापडली. सहा नळ्या होत्या. तीन तडकलेल्या, आत बुरशी. दोन मी उघडायला गेले."

"मग?"

"आतली हवा काढून घेतलेली आहे. टोक मोडलं की बाहेरची हवा अशी घुसते, की वाळू भुर्रकन उडून जाते. दोन्ही गेल्या. ही शेवटची."

पडदा सरकवून लक्ष्मी बाहेर आली. तिने नळी हातात घेतली नाही, वाकून फक्त बघितली. नळीच्या वरच्या टोकाला, काच ओढून तोडली होती तिथे, शेपटीसारखा बारीक पीळ होता. डावीकडे वळलेला.

"ही बाबांनी बंद केलीय," ती म्हणाली.

ट्रेसीला कळेना. रामदासने चष्मा चढवला, नळी उजेडाकडे धरून बघितली आणि हळूच मान हलवली. कुशाबा डावखुरे होते. साऱ्या मुंबईत डावा पीळ टाकणारा दुसरा काचवाला त्याने पाहिला नव्हता.

लक्ष्मीला आठवलंही. ती तेव्हा दहा वर्षांची असेल. पांढऱ्या पँटचे एक उंच गृहस्थ बिस्किटांच्या डब्यात नळ्या घेऊन आले होते आणि बाबा एकेक नळी जाळावर धरून बंद करत होते. तिने हात पुढे केला तेव्हा बाबा ओरडले होते, "हात नको लावू गो, आत जीव आसा!" तिने नाक टेकवून बघितलं तर आत नुसती वाळू. बाबा आपली थट्टा करतात असं समजून ती दिवसभर रुसून बसली होती.

"काका, तुम्हीच उघडा," ट्रेसी म्हणत होती. "उद्या लॅबमध्ये या. तुमच्याशिवाय कुणाच्या हातात मी ही देणार नाही."

रामदासच्या उजव्या हातात नळी होती. आणि त्या शांततेत एक आवाज येऊ लागला, अगदी बारीक, काचेवर दाणे वाजल्यासारखा. नळीतली वाळू वाजत होती. ट्रेसीने नळीकडे पाहिलं, मग त्याच्या मनगटाकडे. रामदासने डाव्या हाताने उजवा धरला, तरी वाळू वाजायची थांबेना.

त्याने नळी परत कापसात ठेवली.

"मॅडम," तो म्हणाला, "गेले आठ महिने तुम्ही जो माल नेलात ना, तो माझ्या हातचा नव्हे. तो हिच्या हातचा." आणि लक्ष्मीकडे न बघताच पुढे म्हणाला, "नळी हीच उघडील."

माल घडवणं वेगळं. बिघडला तर दुसरा घडवता येतो. पण रामदासने चारचौघांत जे कधी उच्चारलं नव्हतं ते आता उच्चारून टाकलं होतं, आणि त्यानंतर नाही म्हणणं तिला जमेना.

ट्रेसीने डबी बंद केली, ती लक्ष्मीसमोर सरकवली आणि म्हणाली, "काकी, तुमच्याकडेच ठेवा ही आज."

त्या संध्याकाळी गाळा उशिरापर्यंत उघडा होता. तशाच जाडीच्या नळ्या घेऊन, रामदासने जुन्या पंपाने त्यांच्यातली हवा काढायची, लक्ष्मीने त्या जाळावर बंद करायच्या आणि मग उघडायच्या, असं दोघांनी सतरा वेळा केलं. वाळूऐवजी आत रांगोळी भरली होती. पहिल्या पाच वेळा रांगोळी उडाली.

"घाई करतंस," रामदास म्हणाला. "टोक तोडायचा नाही. कानशीने केसाएवढा ओरखडा काढ. मग काचेची काडी लाल करून त्या ओरखड्यावर नुसती टेकव. तडा आपोआप जाता. हवा त्यातून आपली आपण, हळूहळू आत शिरता."

सहाव्या वेळी रांगोळी जागची हलली नाही. त्यानंतर एकदाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं माटुंग्याला गेली. लक्ष्मीने जाळापाशी बसायचं म्हणून साधी सुती साडी नेसली होती, आणि कानस पदराच्या गाठीत बांधून आणली होती. प्रयोगशाळेत ट्रेसीने सगळं मांडून ठेवलं होतं. एका जाड नळीत मक्याच्या पिठाची पेज होती. ती आधी प्रेशरखाली शिजवून निर्जंतुक केलेली, आणि तिच्यातली हवा दुसरा एक वायू सोडून हाकलून लावलेली. पेजेत एक रंग मिसळला होता. हवा शिरली तर तो गुलाबी होतो. नसली तर दिसतही नाही. पेज पांढरीफटक होती.

लक्ष्मी स्टुलावर बसली. तिने कानशीचा ओरखडा काढला. काचेची काडी जाळात धरली, तिचं टोक आधी शेंदरी, मग पिवळं झालं. तिने श्वास रोखला आणि काडी ओरखड्यावर टेकवली.

टिक्.

केसाएवढी रेघ नळीभोवती फिरली. आणि मग सुस्स् असा आवाज, झोपलेल्या तान्ह्या मुलाने नाकातून सोडावा तसा. हवा आत जात होती. बाबांनी एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली ज्या पोकळीवर काच ओढून घेतली, त्या पोकळीत आज पहिल्यांदा काहीतरी शिरत होतं, आणि ते तिच्या हाताखाली घडत होतं. वाळूचा एक कणही हलला नव्हता.

"आता हवा लागली ना त्याला?" तिने घाबरून विचारलं. "मरेल ना तो?"

"झोपेत असताना नाही मरत," ट्रेसी म्हणाली. "झोपेत त्याला काही होत नाही. जागा झाला की मग हवा नको."

तिने वाळू अलगद पेजेत ओतली, बूच लावलं आणि नळी नेऊन कढत पाण्याच्या भांड्यात उभी केली. भांड्यावर आकडा होता, ऐंशी अंश. लक्ष्मी ताडकन उठली.

"ट्रेसीबाय, हे काय करता? एवढं सांभाळून काढलं आणि उकळायला ठेवलं?"

"दहा मिनिटं."

"हात भाजतो त्या पाण्यात!"

"तोच तर उपाय आहे काकी. बाकीचं जे काही चुकून आत गेलं असेल, ते मरेल. हा मरत नाही. हा चटका बसला की उठतो." ट्रेसी घड्याळाकडे बघत होती. "ह्याचं कवच असं असतं, की उकळा, सुकवा, उपाशी ठेवा. आत तो थांबून राहतो. श्वास नाही, खाणं नाही, वाढ नाही. पण मेलेला नाही."

लक्ष्मी परत बसली. दहा मिनिटं ती त्या कढत पाण्याकडे बघत राहिली. काचेला आग हवी असते हे तिला ठाऊक होतं, आगीशिवाय काच नुसता दगड. पण जिवालाही आग हवी असते, हे तिने आजवर कधी ऐकलं नव्हतं.

पहिला दिवस काही झालं नाही. दुसरा दिवसही नाही. ट्रेसीने लक्ष्मीला एक मोठं भांडं घडवायला दिलं होतं, झाकणाला तीन तोंडं आणि बाहेरची हवा आत येऊ न देणारी बगळ्यासारखी वाकडी मान असलेलं. लक्ष्मी आता पडदा न टाकता पुढेच बर्नर मांडून ते करत होती. शेजारचा लेथवाला येऊन दारात उभा राहिला, बराच वेळ बघत राहिला आणि मग गेला. रामदास तिच्या बाजूला बसून काचेचे तुकडे मापाने कापून देत होता. ते काम त्याला जमत होतं.

तिसऱ्या दिवशी ट्रेसीचा फोन आला. "काही नाही, काकी." चौथ्या दिवशी फोनच आला नाही. पाचव्या दिवशी भांडं तयार झालं, आणि लक्ष्मी ते पेंढ्यात बांधून, टॅक्सीत मांडीवर घेऊन माटुंग्याला निघाली. रामदास म्हणाला, पन्नास वर्षं म्हणजे काय थोडी झाली? काय वाईट वाटून घ्यायचं नाही. ती हो म्हणाली. पण टॅक्सीत तिच्या मनात सारखं येत होतं, की नळी बंद करताना बाबांच्या हातून कुठे चूक तर झाली नसेल? टोकाला एखादं सुईच्या अग्राएवढं भोक?

लॅबमध्ये कुणी नव्हतं. ट्रेसी लेक्चरला गेली होती. शिपाई गौतमने लक्ष्मीला ओळखून दार उघडून दिलं. भांडं ठेवायला ती कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेली. तिथे काचेच्या दाराचं गरम कपाट होतं आणि त्यात ती नळी उभी होती.

लक्ष्मीने आधी एकदा बघितलं, मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

पेज तळाशी नव्हती. ती सगळी वर उचलली गेली होती. नळीच्या वरच्या भागात पांढरा थर फुगून बसला होता, आणि खाली स्वच्छ, पाण्यासारखं काहीतरी. त्या स्वच्छ पाण्यातून बुडबुडे निघत होते. एक, मग दोन, मग माळच्या माळ, तळातल्या वाळूतून सुटून वर जाऊन थराखाली गोळा होत होते. थर त्यांच्या जोराने अजून वर सरकत होता, इतक्या सावकाश की डोळ्यांना दिसत नव्हतं, पण पाच मिनिटांनी बघितलं तर सरकलेला.

तिने गौतमला हाक मारली नाही. दोन्ही हात आपोआप जोडले गेले होते. तिला वाटलं, आपण मोठ्याने श्वास घेतला तरी ते थांबेल.

ट्रेसी दारात आली तेव्हा लक्ष्मी तशीच उभी होती.

"काकी?"

"उठला," लक्ष्मी म्हणाली.

ट्रेसीच्या हातातली पुस्तकं टेबलावर पडली, दोन खाली गेली. कपाटाच्या काचेला कपाळ टेकून ती बघत राहिली, आणि मग मागे वळून तिने लक्ष्मीला घट्ट मिठी मारली. सकाळी साडेआठला तिने बघितलं होतं तेव्हा काहीही नव्हतं. आता दुपारचे दोन वाजत होते.

नळीतला एक थेंब सुईने काढून ट्रेसीने काचपट्टीवर घेतला आणि मायक्रोस्कोपखाली ठेवला. लक्ष्मीला आधी नुसता उजेड दिसला, मग स्वतःच्या पापण्या. मग ट्रेसीने एक चाक हळूच फिरवलं आणि समोर गर्दी झाली. बारीक बारीक काड्या, शेकडो, उजेडात पोहत होत्या. काही सुसाट सरळ जात, काही गिरकी घेत, काही दोन-दोन जोडून. एका काडीचे लक्ष्मीच्या डोळ्यांदेखत दोन तुकडे झाले आणि दोन्ही आपापल्या वाटेने निघून गेले. काहींच्या एका टोकाला चमकणारा ठिपका होता, जणू पोटात दाणा धरलेला.

"तो ठिपका म्हणजे पुढची झोप," ट्रेसी म्हणाली. "आत्ताच तयारी सुरू केलीय काहींनी. वेळ आली तर बाकीचं शरीर टाकून देतात आणि तेवढा दाणा राहतो. वाळूत होते ते हेच."

"ह्यांचं वय काय म्हणायचं? पन्नास?"

"ह्यांचं? तीन-चार तास असेल. यांच्या आजोबांचं पन्नास." ट्रेसी हसली, आणि मग हसू आवरून म्हणाली, "पण काकी, खरं विचाराल तर ही जात आपल्या हवेच्याही आधीची असावी म्हणतात. एक काळ असा होता की पृथ्वीवरच्या हवेत प्राणवायूच नव्हता. अडीचशे कोटी वर्षांच्याही आधी. ह्यांचे पूर्वज तेव्हाचे. मग प्राणवायू आला, सगळीकडे पसरला, आणि हे चिखलात उतरले. तिथेच राहिले."

लक्ष्मीने पुन्हा डोळा लावला. कडेच्या काड्या मंद होत चालल्या होत्या. काही थांबल्याही होत्या.

"ह्या का थांबल्या?"

"कडेने हवा शिरतेय."

लक्ष्मीने झटकन मान मागे घेतली. "मग कशाला काढलात बाहेर!"

"एकच थेंब आहे काकी. नळीत कोट्यवधी आहेत."

लक्ष्मीला ते पटलं, तरी तिने पुन्हा डोळा लावला नाही.

पण जागा झाला म्हणजे काम झालं असं नव्हतं. लॅबमध्ये लाडावलेला जुना वंशही जागाच होता. तो फक्त आम्ल करून मरत होता. हा पुढची पायरी चढतो की नाही, ते मोठ्या भांड्यात कळणार होतं. सोमवारी सकाळी लक्ष्मीने घडवलेल्या भांड्यात पेज भरली, जीवाणू सोडले, आणि तोंडं बंद केली. रामदास बरोबर आला होता. तो भांड्याच्या सांध्यांकडे बघत होता, कुठे गुलाबी छटा येते का. आली नाही. त्याने सांध्यावरून डाव्या हाताचं बोट फिरवलं आणि म्हणाला, "बाबांनी तुला बसवायला हवं होतं जाळावर. मी कधी बोललो नाही." लक्ष्मीने पदराने त्याच्या बोटाचा डाग भांड्यावरून पुसला.

मंगळवारी भांडं बेभान झालं. बुडबुड्यांनी पेज उचलून झाकणापर्यंत नेली, वाकड्या मानेतल्या पाण्यातून सारखं बुडबुड, बुडबुड चालू होतं. आणि वास! खवट लोण्याचा, आंबलेल्या घामाचा. जिन्यापर्यंत येत होता. गौतमने नाकाला रुमाल बांधला. ट्रेसी दर दोन तासांनी थेंब काढून आम्ल मोजत होती, आणि आम्ल चढत होतं.

"इथपर्यंत आमचा जुना पण येतो," ती म्हणाली. "आता इथून एक तर वळायचं, नाहीतर मरायचं. तेवढ्याच आम्लात."

बुधवारी सकाळी दोघं पोचली तेव्हा बुडबुडे मंदावले होते. ट्रेसीचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली, आम्ल थांबलंय. कमी झालेलं नाही, वाढलेलंही नाही. चाचणीचं मशीन दुसऱ्या डिपार्टमेंटमध्ये होतं आणि तिचा नंबर दुपारी तीनला होता. तोवर काही कळायला मार्ग नव्हता.

लक्ष्मी भांड्याजवळ स्टूल ओढून बसली. तासभर तशीच बसली. वाकड्या मानेच्या तोंडाशी एखादा बुडबुडा फुटे, आणि बराच वेळ दुसरा येत नसे. साडेअकराच्या सुमाराला तिने नाक वर केलं. पुन्हा हुंगलं. मग स्टुलावरून उठून मानेच्या तोंडाशी वाकली.

खवट वासाच्या आत दुसरं काहीतरी होतं. पातळ, थंड, नाकात टोचणारं. हा वास तिने अडतीस वर्षं रोज घेतला होता. तयार झालेली काच आतून धुवायला निळ्या कॅनमधून ती जे ओतायची, हातावर पडलं की गार लागून क्षणात उडून जायचं, ते.

"ट्रेसीबाय! हा तर आपला ॲसिटोन!"

ट्रेसी धावत आली. तिने हुंगलं, पण तिला नीट कळेना. दोन दिवस त्या वासात राहून तिचं नाक बधिर झालं होतं. "शुअर काकी?"

"ओ, हात धुते मी त्याने. हे बघा, आता जास्त येतोय. आणि त्यात आणखी एक आहे, गोडसर, पांढऱ्या फळ्यावर लिहायच्या त्या मार्कर पेनसारखा."

ट्रेसी मानेच्या तोंडाशी पुन्हा वाकली. "तो ब्युटेनॉल, इंधनाला चालतो तो," ती म्हणाली. "तोच हवा होता."

रामदास हसायला लागला. मग ट्रेसी, आणि दारातला गौतमही. लक्ष्मीला मात्र हसू येईना. कॅन संपला की परळच्या दुकानातून दुसरा आणायचा, एवढंच तिला त्या द्रव्याबद्दल ठाऊक होतं. आणि इथे समोर, मक्याच्या पेजेत, डोळ्यांना न दिसणारे जीव ते घडवत होते. ना जाळ, ना भट्टी, ना हात. आम्लाने जीव जायच्या बेताला आले असताना त्यांनी ते आम्लच परत पोटात घेतलं होतं आणि त्याचं हे दुसरं काही केलं होतं. पन्नास वर्षं वाळूत पडून राहिले, कुणी शिकवलं नाही, कुणी आठवण दिली नाही, तरी एक पायरी चुकली नव्हती. ती भांड्याच्या उबदार काचेवर तळहात ठेवून उभी राहिली. काच आतून हलकेच थरथरत होती.

तीन वाजता मशीनवर कागद निघाला. दोन्ही द्रव्यं होती, जुन्या सरांच्या वहीत लिहिली होती त्याच प्रमाणात.

त्यानंतर बरंच काही झालं. ट्रेसीने त्या वंशाच्या साठ नळ्या करून घेतल्या आणि त्यांतल्या काही दुसऱ्या शहरांतल्या प्रयोगशाळांना पाठवल्या. रामदास अखेर परळच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवायला गेला. गोळ्यांनी कंप थोडा उतरला, गेला नाही. गिऱ्हाइकांना खरं कळलं. दोघं-तिघं यायचे थांबले, बाकीचे आता "काकी, जरा अर्जंट आहे" म्हणत थेट लक्ष्मीशी बोलू लागले.

मार्चच्या शेवटच्या रविवारी लक्ष्मी रामदासला म्हणाली, शिवडीला जाऊया.

"तिथे काय आहे?"

"चिखल."

जेट्टीवर ट्रक उभे होते, गोदामांची दारं बंद होती. ओहोटी लागून पाणी लांब गेलं होतं, आणि समोर मैलभर नुसता चिखल पसरला होता, वरून राखाडी, उन्हात चकाकणारा. लक्ष्मी लालबागमध्ये जन्मली, वाढली. लहानपणी शिवडीला कितीदा तरी आली होती, आणि दर वेळी या वासाने नाक दाबून घाईने निघून गेली होती. आता ती धक्क्याच्या पायऱ्यांवरून खाली उतरली, शेवटच्या पायरीवर बसली आणि बाही वर करून हात चिखलात घातला.

वरचा थर बोटभर. त्याखाली चिखल काळा होता, कोळशासारखा काळा, आणि गार. कोपरापर्यंत हात गेला तरी तळ लागेना.

"काय शोधतंस गो?" वरून रामदासने विचारलं.

"गप ऱ्हवा जरा."

तिच्या दंडाजवळ चिखल हलला. एक बुडबुडा वर आला, थोडा वेळ फुगून राहिला आणि फुटला. मग हातभर अंतरावर दुसरा. तिने मान वर करून पाहिलं. जिथवर नजर पोचत होती तिथवर, सगळ्या चिखलभर, कुठे ना कुठे नळीतल्यासारखेच बुडबुडे फुटत होते.

भरती लागायला अजून तासभर होता. रामदास दोन पायऱ्या खाली उतरून तिच्या मागे बसला.